काळा चिखल, खाजन आणि बांधकाम : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांडवी, झुआरी, साळ आणि शापोरा या नद्यांच्या काठच्या सखल जमिनींबद्दल लोक जे विचारत असतात, ते इथं एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांत घर बांधू पाहणारे आहेत, सोसायट्यांचे सचिव आहेत, पंच आहेत आणि नुकतेच कामाला लागलेले स्थापत्य अभियंतेही आहेत. एक समजूत मात्र बहुतेकांच्या पत्रांत सारखीच असते : भराव घातला की जमीन सुधारते. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ आणि ५ वाचाच.

१. पाया खणताना काळी, वास मारणारी माती निघाली. हीच का ती पीट?

बहुतेक वेळा नाही. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचाच थर. अमेरिकन एएसटीएम मानकाप्रमाणे माती भट्टीत जाळल्यावर राख २५ टक्क्यांहून कमी उरली, तरच तिला पीट म्हणतात. आपल्या आयएस १४९८ या भारतीय मानकात पीटला 'पीटी' ही खूण आहे, आणि सेंद्रिय गाळ किंवा चिकणमातीला ओएल, ओआय, ओएच या खुणा आहेत.

गोव्यात नदीमुखांजवळ जे निघतं ते मुख्यतः ओएच गटातलं असतं : खारी, मऊ चिकणमाती, तिच्यात तिवरांच्या मुळांचे तंतू, कुजलेली पानं, शिंपल्यांचे तुकडे. अस्सल पीट सापडलीच तर या चिकणमातीत अडकलेल्या पातळ पट्टीच्या रूपात सापडते. पट्टी पातळ आहे म्हणून ती अहवालातून गाळू देऊ नका. आसपासच्या चिकणमातीपेक्षा ती कितीतरी जास्त दबते, आणि घराच्या एकाच बाजूखाली असली तर घर त्या बाजूला कलतं.

२. अशी माती गोव्यात नेमकी कुठे असते?

इथले शेतकरी भातजमिनीचे मोरड, खेर आणि खाजन असे भाग पाडतात. मोरड उंचावरची, खेर मधली वाळूमिश्रित, खाजन भरती-ओहोटीच्या पातळीवरची. पायाची तपासणी करणाऱ्यासाठी हा पहिला नकाशा आहे आणि तो विश्वासार्ह आहे. खाजनात मऊ चिखल गृहीतच धरायचा. खेरात वाळूखाली तो दडलेला असू शकतो. मोरडात सहसा नसतो.

कारण भूगर्भाच्या इतिहासात आहे. शेवटच्या हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता आणि नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या होत्या. समुद्र चढला तशा त्या दऱ्या बुडाल्या आणि गाळानं भरल्या. म्हणून जांभ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी चिखल एखादा मीटर असतो, आणि तिथून थोडं पुढे, जुन्या दरीच्या मध्यावर, तो अनेक मीटर खोल जातो. एकाच प्लॉटच्या दोन टोकांना वेगळी जमीन भेटते ती यामुळेच. शहरात राहता म्हणून सुटलात असंही नाही. पणजीत सांतिनेज नाल्याच्या काठाला किंवा मळा भागात जुन्या भरावाखाली ओहोळाचा गाळ असू शकतो.

३. बोअर (माती तपासायला पाडलेलं खोल भोक) मारण्याआधी स्वतः काही ओळखता येईल का?

अंदाज येतो, निर्णय घेता येत नाही. ओली माती काळी-निळसर असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि हवेत ठेवल्यावर रंग करडा-तपकिरी होत असेल, तर ती सेंद्रिय आहे असं धरून चाला. मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांतून जवळजवळ स्वच्छ पाणी आलं आणि हातात तंतू राहिले, तर वनस्पती फारशा कुजलेल्या नाहीत. लापशीसारखा लगदाच बोटांतून सुटला, तर त्या पूर्ण कुजल्या आहेत. पीट ओळखायची एच१ ते एच१० ही व्हॉन पोस्ट श्रेणी याच परीक्षेवर उभी आहे.

१२ मिलिमीटरची सळी हातानं दाबून पाहा. एका माणसाच्या जोरावर ती दोन मीटर उतरली, तर पुढचा प्रत्येक निर्णय बोअरनंतरच घ्या.

यात एक फसगत होते ती उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत वरचा अर्धा-एक मीटर सुकून कडक होतो, त्यावरून ट्रॅक्टर जातो, आणि ग्राहकाला जमीन दाखवायलाही हाच मोसम निवडला जातो. त्या कवचाखाली चिखल बारमाही ओला असतो. पाहण्यासाठी खोल खड्डा खणून आत मात्र उतरू नका. या मातीच्या कडा अचानक ढासळतात.

४. दीड मीटर मुरूम टाकून रोलरनं दाबून घेतला, तर जमीन पक्की होणार नाही का?

वरचा दीड मीटर पक्का होईल. खालचा चिखल होता तसाच राहील, आणि त्याच्या डोक्यावर आता एक नवं ओझं असेल. भराव हेच वजन आहे, ही एक गोष्ट ध्यानात आली तर या पानावरचं निम्मं आपोआप समजेल.

आकडे घेऊन पाहू. दाबलेला जांभ्याचा मुरूम घनमीटरला साधारण १८ किलोन्यूटन भरतो. दीड मीटर म्हणजे चौरस मीटरला २७ किलोन्यूटन, रोजच्या भाषेत पावणेतीन टन. एकमजली चिऱ्याच्या घराचं वजन सगळ्या क्षेत्रफळावर वाटलं, तर ते याहून कमी भरतं. म्हणजे घराची पहिली वीट लागण्याआधीच घरापेक्षा जड वस्तू तिथं ठेवली गेली.

खाली पाच मीटर सेंद्रिय चिकणमाती आहे, व्हॉइड रेशो (पोकळ्यांचं घन कणांशी प्रमाण) २.५ आणि कॉम्प्रेशन इंडेक्स (माती किती दबते त्याचा आकडा) ०.९, असं धरा. पाणी जमिनीलगत असल्यानं थराच्या मध्यावर आधीचा प्रभावी दाब (पाण्याचा वाटा वजा करून मातीच्या कणांवर येणारा) चौरस मीटरला जेमतेम ११ किलोन्यूटन असतो. त्यात २७ ची भर पडली की नेहमीच्या सूत्रानं खचण्याचं उत्तर येतं सुमारे ६९ सेंटिमीटर. दीड मीटर भरावातला जवळजवळ अर्धा जमिनीत गेला. मग मालक पुन्हा अर्धा मीटर टाकतो, त्याचं ओझं वाढतं, आणि खचणं नव्यानं सुरू होतं.

दुसरा धोका खचण्याचा नाही, सरकण्याचा आहे. चिखलाची कातर-ताकद (सरकण्याला होणारा विरोध) ८ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला ८ किलोन्यूटन, असेल, तर तो अंदाजे ४१ किलोपास्कलला, म्हणजे सव्वादोन मीटर भरावाला, फाटून बाजूला सरकतो. दीडपट सुरक्षितता ठेवली तर मर्यादा दीड मीटरवर येते. आपला 'साधा' दीड मीटर भराव त्या मर्यादेला टेकलेला आहे. टिपर एकाच टोकाला मुरूम ओतत राहिले, तर पलीकडे शेजाऱ्याच्या शेतात चिखलाचा उंचवटा वर येतो आणि बांध फुटतो. अशा वेळी दोष पावसाला दिला जातो. खरं कारण टिपरच्या खेपांत असतं.

५. एक पावसाळा जाऊ दिला की भराव बसतो असं सगळे सांगतात. ते खोटं आहे का?

पावसानं भरावातलीच माती बसते, तेवढं खरं आहे. खालचा चिखल बसायला मात्र त्याच्यातलं पाणी बाहेर पडावं लागतं, आणि चिकणमातीतून पाणी फार हळू निघतं.

वरच्याच उदाहरणात पाण्याला वर आणि खाली दोन्हीकडे वाट असेल आणि संघनन गुणांक (पाणी सोडून माती दबण्याचा वेग) वर्षाला १ चौरस मीटर असेल, तर ९० टक्के खचायला सुमारे सव्वापाच वर्षं लागतात. खालचा थर पाणी सोडत नसेल, तर तोच काळ चौपट, म्हणजे एकवीस वर्षं. एका पावसाळ्यानं काय होणार?

त्यानंतरही माती थांबत नाही. पाणी निघून गेल्यावर तंतू आणि कण स्वतःहून सरकत राहतात. हे दुय्यम खचणं. त्याचं मूळ कॉम्प्रेशन इंडेक्सशी असलेलं प्रमाण साध्या चिकणमातीत ०.०४ च्या आसपास, सेंद्रिय चिकणमातीत ०.०५ आणि पीटमध्ये ०.०६ असतं. आपल्या पाच मीटर थरासाठी काळ दहापट झाला की आणखी सहा-साडेसहा सेंटिमीटर. सहाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत तुमच्या फरशीखाली एवढी हालचाल होणार आहे, हे धरूनच आराखडा करावा लागतो.

६. कायद्यानं अशी जमीन भरता येते का?

हा प्रश्न बोअरच्या आधी विचारायचा असतो. गोव्याच्या १९७४ च्या नगर नियोजन कायद्यातलं कलम १७अ डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगीशिवाय मनाई करतं. भू-महसूल संहिता १९६८ नुसार शेतजमीन बिगरशेती करायला कलम ३२ ची सनद लागते. जमीन कुळाची म्हणून मिळालेली असेल, तर १९९१ चा जमीन-वापर कायदा तिचा शेतीखेरीज वापर रोखतो. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे : खाजनात विकासकाम नाही, आणि खाजनालगतच्या तिवरांचं रक्षण करायचं. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्येही खाजनं आणि भातशेती अतिसंवेदनशील गटात आहेत.

म्हणून एक-चौदाचा उतारा (मालकी आणि कुळाची नोंद), झोन दाखला आणि सर्व्हे नकाशा आधी घ्या. उताऱ्यावर खाजन असेल, तर या पानावरचे पाइल (घट्ट थरापर्यंत नेलेले खांब) आणि ड्रेन (चिखलातलं पाणी काढायच्या उभ्या पट्ट्या) तुमच्यासाठी नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. खाजन म्हणजे रिकामी पडलेली जमीन नव्हे. ओहोटीला मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडते, भरतीला मिटते, पोंयीत (मानशीमागच्या तळ्यात) मासळी राहते, आणि पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला वरून आलेलं पाणी तिथं थांबतं. ते भरलं तर तेच पाणी शेजारच्या वाड्यात शिरतं. चिखलावर काय काय उभारता येतं हे मी पुढं लिहिलं आहे, ते ज्या जागी बांधणं रास्त आणि कायदेशीर आहे त्या जागांसाठी : जुनी वसलेली वस्ती, रस्ता, पूल, शाळेचा विस्तार, बांध.

७. किती बोअर आणि किती खोल?

छोट्या घराला दोन कोपऱ्यांत तरी दोन, आणि डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट असेल तर उताराच्या दिशेनं तिसरा. खोलीचं उत्तर मीटरमध्ये आधी देता येत नाही. चिखल संपेपर्यंत आणि त्याखालच्या घट्ट थरात किमान तीन मीटर, असा करार करा. 'दहा मीटरचे तीन बोअर' असा ठोक करार केला, तर दहाव्या मीटरला चिखलातच काम थांबतं आणि अहवालाचा उपयोग उरत नाही.

गोव्यात एक खास सावधगिरी हवी. जांभा लागला म्हणजे खडक लागला असं नाही. कडक जांभ्याखाली पुष्कळदा पांढरट-गुलाबी मऊ माती असते, आणि गाळात कधी सुटा जांभ्याचा धोंडाही अडकलेला असतो. म्हणून कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढून पुढं जायचं.

तपासणीचं मुख्य मानक आयएस १८९२. पाण्याची पातळी भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी नोंदवायला सांगा. खाडीकाठी एकच आकडा अपुरा असतो.

८. अहवालात 'एसपीटी एन शून्य, रॉड स्वतःच्या वजनानं उतरला' असं लिहिलंय. याचा अर्थ ताकद शून्य?

नाही. एसपीटी म्हणजे हातोड्यानं नळी जमिनीत ठोकायची चाचणी, आणि एन म्हणजे लागलेल्या ठोक्यांची संख्या. तो हातोडा इतक्या मऊ मातीसाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ३ किलोपास्कलची माती आणि १२ किलोपास्कलची माती, दोन्हींत एन शून्य येऊ शकतो, आणि भरावाची सुरक्षित उंची त्या दोघांत चौपट वेगळी असते. म्हणून आयएस ४४३४ प्रमाणे जागेवरच व्हेन शिअर चाचणी (पात्यांचा दांडा मातीत फिरवून ताकद मोजणं) करून घ्या. मोठ्या कामाला कोन पेनिट्रेशन (टोकदार शंकू दाबत नेण्याची चाचणी), शक्य असेल तर पाण्याचा दाब मोजणारा कोन.

व्हेनचा आकडाही जसाच्या तसा वापरू नका. प्लॅस्टिसिटी (मळता येण्याचा गुण) जास्त असलेल्या मातीत तो फुगतो आणि ब्येरुम यांचा दुरुस्ती-गुणांक लावून कमी करावा लागतो. तंतुमय पीटमध्ये तर पाती मुळांत अडकतात, तिथं व्हेनवर विसंबूच नये.

९. प्रयोगशाळेला कोणत्या चाचण्या सांगू?

ओलावा, लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते तो), सेंद्रिय प्रमाण, विशिष्ट गुरुत्व, संघनन, पीएच, सल्फेट आणि क्लोराइड. यादी सोपी आहे, चुका करण्याच्या पद्धतीत होतात.

ओलावा : नेहमीच्या १०५–११० अंशांच्या भट्टीत सेंद्रिय भाग थोडा जळतो आणि आकडा वाढतो. अशा मातीला ६० ते ८० अंशांवर जास्त वेळ सुकवतात.

लिक्विड लिमिट दोनदा करायला सांगा, एकदा नैसर्गिक ओल्या मातीवर आणि एकदा भट्टीत सुकवलेल्या. दुसरा आकडा पहिल्याच्या ७५ टक्क्यांहून खाली आला, तर माती सेंद्रिय. स्वस्तातली, खात्रीची परीक्षा आहे ही, तरी क्वचितच कोणी मागतं.

सेंद्रिय प्रमाण : आयएस २७२० भाग २२ ची डायक्रोमेट पद्धत खाऱ्या मातीत फसते, कारण क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि आकडा खोटा वाढतो. मीठ धुऊन घ्या किंवा सिल्व्हर सल्फेट वापरा. ४४० अंशांवर जाळून वजनातली घट मोजण्याच्या पद्धतीत चिकणमातीतलं बांधील पाणीही थोडं जातं, त्यामुळे तिथंही थोडा वाढीव आकडा मिळतो. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

संघनन चाचणीचा नमुना पातळ भिंतीच्या नळीतून, पिस्टननं घेतलेला हवा. मेणानं तोंडं बंद केलेली नळी उभी ठेवून, धक्के न देता न्यायची. टिपरच्या मागच्या हौद्यातून खडखडत फोंड्याला पोचलेल्या नमुन्याचा कॉम्प्रेशन इंडेक्स कमी येतो, म्हणजे खचण्याचं उत्तर खोटं दिलासा देणारं येतं.

१०. बोअरमधून बुडबुडे येत होते. काळजी करावी का?

सेंद्रिय थरातला मिथेन असू शकतो. बोअरजवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग नको. बंद खड्ड्यात उतरण्याआधी वायू तपासा. इमारत झाल्यावर तळघर किंवा बंद जोता असेल, तर हवा खेळती ठेवा.

११. चिखल काढून मुरूम भरला तर?

चिखल दोन-तीन मीटरपर्यंतच असेल आणि खाली खरोखर घट्ट थर असेल, तर हाच उत्तम उपाय. त्याहून खोल गेलात की कडा ढासळतात, पाणी उपसावं लागतं (त्याचे परिणाम प्रश्न १६ मध्ये), आणि खर्च पाइलच्या जवळ जातो. अर्धवट काढू नका; तळाशी राहिलेला मीटरभर चिखल पुढं ठिकठिकाणी वेगळा खचतो. पाण्याखालचा भाग मुरमाऐवजी खडीनं किंवा भरड वाळूनं भरा. काढलेला चिखल तिवरांत किंवा नदीत टाकता येत नाही. रस्त्याच्या भरावातही तो चालत नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशीलपत्रात ओएल, ओआय, ओएच आणि पीटी गटांच्या मातीला बंदी आहे. तो उघड्यावर टाकला तर काय होतं, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१२. रस्त्याचा भराव चिखलावरच घालायचा आहे आणि दुसरी जागा नाही. मार्ग काय?

वेळ विकत घ्यायचा. चिखलात प्लॅस्टिकचे उभे ड्रेन ठोकतात, म्हणजे पाण्याला पाच मीटर वर जाण्याऐवजी अर्धा-पाऊण मीटर आडवं जावं लागतं. १.२ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणी केली आणि आडवा संघनन गुणांक वर्षाला १ ते २ चौरस मीटर असला, तर ९० टक्के खचणं साधारण सहा महिने ते वर्षभरात होतं. प्रश्न ५ मधल्या सव्वापाच वर्षांशी तुलना करा. ड्रेन ठोकताना आसपासची माती मळते, म्हणून हिशेबात थोडा जास्त वेळ धरावा.

आधी जमिनीवर जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं कृत्रिम कापड), त्यावर वाळूची गादी, मग ड्रेन, मग टप्प्याटप्प्यानं भराव. एक टप्पा झाला की थांबायचं, पिझोमीटरवर (चिखलातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळीवर) दाब उतरू द्यायचा, सेटलमेंट प्लेट (खचणं मोजायला बसवलेल्या पट्ट्या) वाचायच्या, मगच पुढचा टप्पा. शेवटी अंतिम उंचीपेक्षा जास्त भराव काही महिने ठेवून मग काढून टाकतात. या जादा वजनानं नंतरचं दुय्यम खचणंही बरंच कमी होतं. यासाठी आयएस १५२८४ भाग २ आणि आयआरसी ११३ पाहा.

सगळ्यात जास्त हयगय होते ती मोजमापात. प्लेट टिपरखाली चिरडल्या जातात, पुन्हा बसवल्या जात नाहीत, आणि उद्घाटनाची तारीख आली म्हणून जादा भराव लवकर उतरवला जातो. पुलाच्या तोंडाशी गाडी आदळते त्या खड्ड्याचं मूळ बहुतेकदा इथं असतं : पूल पाइलवर उभा, जोडरस्ता चिखलावर. निविदेत थांबण्याचा काळ स्वतंत्र बाब म्हणून लिहा, आणि भराव उतरवण्याचा निर्णय वाचनांवर घ्या.

१३. दगडी स्तंभ किंवा सिमेंट-चुना मिसळून चिखल घट्ट करता येत नाही?

दगडी स्तंभाला (चिखलात खडी ठोकून केलेल्या खांबाला) आजूबाजूच्या मातीनं कुशीतून धरून ठेवावं लागतं. फारच मऊ चिखलात, आणि विशेषतः स्तंभाच्या व्यासापेक्षा जाड पीटच्या पट्टीत, तो फुगून पसरतो. सिमेंटची अडचण रासायनिक आहे. ह्युमिक आम्लं सिमेंट आणि चुन्याची प्रक्रिया मंदावतात, कधी रोखतात. तुमच्याच जागेची माती घेऊन, वेगवेगळ्या प्रमाणात, स्लॅग सिमेंटसह (लोखंडाच्या भट्टीतली मळी घातलेल्या सिमेंटसह) चाचणी-मिश्रणं करून घेतल्याशिवाय खोल मिश्रणाचा आराखडा मान्य करू नका. दुसऱ्या साइटवर जमलं, हे कारण पुरेसं नाही.

१४. पाइलवर घर बांधलं की काळजी मिटली ना?

इमारतीची मिटते, बाकीच्याची वाढते. पाइल घट्ट थरावर उभे असतात, आणि भोवतीचा भराव-चिखल खचत खाली जाताना त्यांना पकडून ओढतो. पाच मीटर चिखलात, १० ते १५ किलोपास्कल ताकदीसाठी, ५०० मिलिमीटर व्यासाच्या एका पाइलवर हे ओढणं ८ ते १२ टन होतं. वरच्या भरावाचं ओढणं त्यात वेगळं मिळवायचं. आयएस २९११ प्रमाणे हे नकारात्मक घर्षण धरलं आहे का, हे आराखड्यात शोधा. पाइल लोड टेस्टमध्ये ते दिसत नाही. त्या दोन दिवसांत चिखल उलट पाइलला आधारच देत असतो.

मग तळमजल्याची फरशी. ती भरावावर टेकलेली असेल, तर घर जागेवर राहतं आणि फरशी खाली जाते. ती पाइलवरच्या बीमना जोडलेला स्लॅब म्हणून करा. सांडपाण्याचे पाइप भिंतीतून बाहेर पडतात तिथं लवचिक सांधे द्या, नाहीतर ते तिथंच तुटतात. सेप्टिक टाकी रिकामी असताना पावसाळ्यात तरंगून वर येते, तिला वजन किंवा पकड हवी. शोषखड्डा इथं चालत नाही, पाणी वर तटलेलं असतं. कुंपणाची चिऱ्याची भिंत हलकी ठेवा आणि सांधे सोडत बांधा.

पाइल नकोच, राफ्ट (सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया) चालेल का, असंही विचारतात. हलक्या घराला, सगळीकडे सारख्या जाडीच्या चिखलावर आणि नवा भराव न घालता, चालू शकतं. खणून काढलेल्या मातीचं वजन घराच्या वजनाइतकं ठेवलं, तर चिखलाला नवं ओझं कळतच नाही. चिखलाची जाडी एका कोपऱ्यात दोन आणि दुसऱ्यात सहा मीटर असेल, तर राफ्ट न तडकता कलेल, पण कलेलच.

१५. नव्या काँक्रीटचे कोपरे दोन वर्षांत पिठाळ झाले. मातीमुळे?

शक्य आहे. खारफुटीच्या गाळात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतं. पाण्याखाली ते शांत असतं. उपसून हवेत टाकलं किंवा पाण्याची पातळी उतरली की ऑक्सिजन लागून गंधकाम्ल तयार होतं आणि पीएच खूप खाली जातो. शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, फुटलेल्या बांधाच्या मातीवर पीक जळतं. खणलेल्या मातीचा पीएच ताजा असताना आणि काही आठवडे हवेत ठेवल्यावर, असा दोनदा तपासा. सल्फेट, क्लोराइड पाहून आयएस ४५६ प्रमाणे सिमेंट, आच्छादन आणि पाणी-सिमेंट प्रमाण ठरवा. स्लॅग सिमेंट इथं सहसा बरं पडतं.

१६. शेजारच्या साइटवर पाणी उपसतात, आणि आमच्या जुन्या घराला तडे गेले. संबंध आहे का?

असू शकतो, आणि तो सिद्धही करता येतो. पाण्याची पातळी एक मीटर उतरली की खालच्या चिखलावर चौरस मीटरला जवळजवळ एक टन दाब वाढतो. कोणी वर काही न ठेवताही जमीन खचते. उपसा सुरू होण्याआधीच विहिरीची पातळी रोज लिहून ठेवा, तड्यांवर काचपट्ट्या लावा, तारखेसह फोटो काढा. बांधणाऱ्यानं शीट पाइलची (एकमेकींत अडकवलेल्या पोलादी पट्ट्यांची) भिंत घट्ट थरापर्यंत न्यायला हवी, म्हणजे पाणी फक्त त्याच्या खड्ड्यातलं उतरतं. जुनं घर लाकडी खुंटांवर असेल तर धोका दुहेरी : सतत पाण्याखाली राहिलेलं लाकूड टिकतं, उघडं पडलं की कुजतं.

१७. पणजी-रायबंदरचा पूल-रस्ता दलदलीवर जवळपास चारशे वर्षं उभा आहे. मग आमचा नवा रस्ता का खचतो?

व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिस याच्या काळात, १६३३–३४ मध्ये झालेला हा सुमारे तीन किलोमीटरचा मार्ग खरंच दलदल आणि मिठागरं ओलांडतो. पण त्याखालच्या चिखलाला पाणी सोडायला शतकं मिळाली आहेत. तुमच्या रस्त्याला अठरा महिने मिळतात. अशा जुन्या रस्त्याला चिकटून रुंदीकरण करणं हा सगळ्यात अवघड प्रकार : जुन्या अर्ध्याखालचा चिखल दबून घट्ट झालेला, नव्या अर्ध्याखालचा कोरा, म्हणून सांध्यावर लांब चीर पडते. तिथं नव्या भागाला हलका भराव किंवा पाइलचा आधार द्यावा. आणि खचलेल्या रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढवणं थांबवा. प्रत्येक थर नवं ओझं आहे (प्रश्न ४).

१८. खाजनाचा फुटलेला बांध पुन्हा घालायचाय. तोही याच चिखलावर ना?

हो, आणि हे काम मनापासून करावं असं आहे. प्रश्न ४ मधलं गणित इथंही लागू होतं, म्हणून बांध रुंद आणि बुटका ठेवा, उतार पसरट द्या. माती बांधाच्या पायथ्यालगतची खणू नका. तो खड्डाच बांधाला आत ओढतो. काही मीटर अंतर सोडून खणा. एका दमात पूर्ण उंची न देता थर घालत जा, मध्ये आठवडे जाऊ द्या, आणि खचेल तेवढी उंची आधीच जास्त ठेवा. पारंपरिक बांधात चिखल, पेंढा, काठ्या आणि नदीच्या बाजूनं चिरे असत. वजन कमी, बांधणी लवचिक. त्याऐवजी जड काँक्रीटची भिंत उभी केली, तर ती खचून मधोमध मोडते आणि पाणी तिच्याखालून वाट काढतं. मानशीच्या दोन्ही बाजूंना जोड नीट करा, फुटायला सुरुवात तिथूनच होते.

कूळ संघटना, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) आणि कृषी संचालनालयाचा मृदसंधारण विभाग यांच्याशी काम डिसेंबरच्या आधी ठरवा. मिरगाच्या पहिल्या मोठ्या भरतीपूर्वी बांधाला बसायला तेवढेच महिने मिळतात.